वैद्यबाईंना विचारा : अश्वगंधेनं सेकंद कमी झाले का?

या खेपेला अश्वगंधेबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त आली. त्यातलं केज तालुक्यातल्या एका मुलाचं पत्र मी तीनदा वाचलं. त्याच्या प्रश्नाला जागा हवी आहे, म्हणून बाकीच्यांना शेवटी थोडक्यात उत्तरं देते.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी २२ वर्षांचा आहे. आई-वडील दोघं ऊसतोडीला जातात. मी बीडला खोली करून पोलीस भरतीची तयारी करतो. खोलीत आम्ही सहा जण आहोत. मे महिन्यात माझा १६०० मीटरचा टाइम ५ मिनिटं ३८ सेकंद होता. खोलीतल्या एकानं अश्वगंधाच्या कॅप्सूल चालू केल्या, त्याचा टाइम महिन्यात लई कमी झाला. तो म्हणतो डोकं पण फ्रेश राहतं, पाय दुखत नाहीत. जिथं सराव करतो तिथले सर पण डबा देतात, महिन्याचे १२०० रुपये. मी मित्राच्या डब्यातल्या २० दिवस घेतल्या. माझा टाइम ५.२९ झाला, म्हणजे ९ सेकंद कमी. बुद्धिमत्ता चाचणीत २५ पैकी १४ पडायचे, आता १७ पडतात. पण मॅडम, हे गोळीनं झालं का माझं मला झालं, हेच कळंना. घरी पैसे मागायचे म्हणजे विचार करावा लागतो. हे खरं-खोटं आपलं आपल्याला तपासता येतं का?

उत्तर : लेकरा, ‘हे गोळीनं झालं का माझं मला झालं’ हे तुझं वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतलं. तीस वर्षं मी आयुर्वेदाच्या मुलांना द्रव्यगुण शिकवलं, म्हणजे कोणती वनस्पती शरीरात काय करते तो विषय. त्या सगळ्या शिकवण्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे आणि वर्गात तो फार थोड्या मुलांनी विचारला.

आधी अश्वगंधेबद्दल. ही काही काल बाजारात आलेली वस्तू नाही. चरकसंहितेत बल्य आणि बृंहणीय या दोन्ही गणांत तिचं नाव आहे. बल देणारी आणि अंग भरून आणणारी. आपल्याकडे तिला आस्कंद म्हणतात, ढोरगुंजही म्हणतात. ओलं मूळ चोळून हुंगलं तर घोड्याच्या अंगासारखा वास येतो, नाव त्यावरूनच पडलं. औषधात वापरायचं ते हे मूळ. या वनस्पतीवर माझा जीव आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं सगळं मी तिच्या विरोधात बोलते आहे असं तुला वाटायला नको.

आजच्या पद्धतीनं तिच्यावर बरेच प्रयोग झालेत, त्यातले कितीतरी आपल्याच देशात. २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक तुझ्या कामाचा आहे. १८ ते ५० वयाचे, वजनाच्या व्यायामाची फारशी सवय नसलेले ५७ पुरुष घेतले. एका गटाला मुळीच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, दुसऱ्या गटाला तशीच कॅप्सूल, पण आत नुसता स्टार्च. कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्याला माहीत नव्हतं. व्यायाम सगळ्यांना सारखा, ८ आठवडे. शेवटी अश्वगंधेच्या गटाची बेंच प्रेसची, म्हणजे पाठीवर झोपून छातीवरचं वजन वर ढकलायची, ताकद सरासरी ४६ किलोंनी वाढली. डबा विकणारा तुला इथपर्यंत सांगेल. त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात आहे ते तो सांगणार नाही : स्टार्च खाणाऱ्यांची ताकदही २६ किलोंनी वाढली होती.

हा २६ चा आकडा नीट बघ. पोटात पीठ गेलं तरी २६ किलो वाढले, कारण ती माणसं आठ आठवडे नेमानं घाम गाळत होती. स्टार्चचा गट ठेवलाच नसता तर ४६ च्या ४६ किलो अश्वगंधेच्या नावावर जमा झाले असते. निम्म्याहून जास्त कमाई ज्याची त्याची होती. उरलेले २० किलो औषधाचे म्हणता येतील, आणि ते थोडे नाहीत. पण माणसं ५७, तीही नवशिकी. शिवाय अशा बऱ्याच प्रयोगांत औषध पुरवणारी कंपनी अर्क बनवणारीच असते, तेवढं मनात ठेवून वाचायचं.

दमसासाबद्दल सांगायचं तर त्याच वर्षी ५० खेळाडूंवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं हे त्यात मोजलं आणि अश्वगंधेच्या गटात वाढ जास्त दिसली. डोक्याबद्दलचा पुरावा त्याहून पातळ आहे. २०१७ च्या प्रयोगात स्मरणशक्ती सुधारलेली दिसली, पण ते ५० जण आधीच विसराळूपणाची तक्रार असलेले होते, तुझ्यासारखे बावीस वर्षांचे नव्हते. ताणाबद्दल २०१२ चा एक प्रयोग आहे : कायम ताणात असलेले ६४ जण, ६० दिवस. रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, औषधाच्या गटात सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं आणि दुसऱ्या गटात ८ टक्क्यांनी. सहा जणांच्या खोलीत, घरच्या काळजीत राहणाऱ्या पोराला या मुळीनं झोप जरा बरी लागली आणि त्यामुळे पेपर बरा गेला, असं होऊ शकतं. मी ते नाकारत नाही. पण ‘होऊ शकतं’ आणि ‘तुझं झालं’ यांत अंतर आहे.

आता तुझे ९ सेकंद. मे महिन्यात बीडच्या मैदानावर सकाळी साडेसहालाच अंगातून वाफा निघतात. तू कॅप्सूल घेतल्या त्या वीस दिवसांत मृगाचा पाऊस पडून गेला असणार. हवा उतरली. त्याच वीस दिवसांत तू रोज धावलास. मित्राचा टाइम कमी झालेला बघून तू जरा जास्तच जीव लावून धावला असशील, आणि लावलाही पाहिजेस. बुद्धिमत्ता चाचणीचं तर उघड आहे. तीच ती मालिका, तेच ते आरशातले आकडे महिनाभर सोडवल्यावर तीन गुण वाढतातच. आणखी एक गोष्ट माणसाच्या लक्षात येत नाही. डबा घ्यावासा कधी वाटतो? सगळ्यात वाईट आठवड्यात. त्या आठवड्यानंतर काही न करताही बरा आठवडा येतो, आणि श्रेय डब्याला जातं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली होती. अंबाजोगाईजवळच्या एका गावात तालीम होती, पोरं पंधरा ते वीस वर्षांची, एकूण चौदा. मी वस्तादांना विचारून सगळ्यांना अश्वगंधा चालू केली. क्षीरपाक करायचा ठरवला, म्हणजे चूर्ण एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, आणि पाणी आटून नुसतं दूध उरेपर्यंत मंद आच. तालमीच्या मागं तीन दगडांच्या चुलीवर वस्तादांची बायको ते आटवायची. पोरं पितळी पेल्यातून प्यायची आणि तोंड वाकडं करायची. मी वहीत जोर आणि बैठका लिहायची. चाळीस दिवसांत प्रत्येकाचा आकडा वाढला. एकाचाही कमी झाला नाही. मी तक्ते काढले, विभागात मोठ्या आनंदानं वाचून दाखवले.

वाचून झाल्यावर एका ज्येष्ठ अध्यापकांनी एवढंच विचारलं, “बाई, या पोरांना घरी दूध मिळायचं का?”

मिळत नव्हतं. दोन वर्षं पाऊस नव्हता, जनावरं विकलेली, घरात चहापुरतं दूध. मी त्या पोरांना चाळीस दिवस रोज पाव लीटर आटलेलं दूध पाजत होते आणि वहीत नाव अश्वगंधेचं लिहीत होते. त्या रात्री मला झोप आली नाही. वाईट फक्त प्रयोग फसल्याचं वाटलं नव्हतं. पोरं भुकेली होती आणि ते माझ्या वहीत कुठंच नव्हतं, त्याचं जास्त वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा केलं. सात जणांना अश्वगंधेचं दूध, सात जणांना नुसतं दूध, आटवलेलंच. दोन्हीकडं बैठका वाढल्या, आणि जो फरक दिसला तो इतका थोडा की सात-सात पोरांवरून काही ठरवणं चुकीचं झालं असतं. त्यात दुसरी फट राहिली ती वासाची. पहिल्याच दिवशी एक पोरगं म्हणालं, “ह्या पेल्यात औषध न्हाई, घोड्याचा वास येईना.” ज्यांना आपल्याला औषध नाही हे कळलं ते हळूच ढेपाळले. तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे : कोणाला काय मिळतंय हे झाकलेलं नसेल तर तो प्रयोग मोजायचा नाही.

तुला हे घरच्या घरी झाकता येतं. आयुर्वेदिक दुकानात रिकाम्या कॅप्सूल मिळतात, रंगीत घे, आतलं दिसायला नको. अश्वगंधेची कॅप्सूल उघडून अर्क त्यात भरायचा आणि तेवढ्याच दुसऱ्या कॅप्सूलमध्ये भाजलेलं तांदळाचं पीठ. दोन्ही बाटल्यांत अश्वगंधेच्या चूर्णाची कापडी पुरचुंडी टाकून ठेवायची, म्हणजे वास दोन्हीला सारखा. हे काम तू करायचं नाही. खोलीत न राहणारी, तुझ्या टाइमशी देणंघेणं नसलेली एखादी बहीण, वहिनी, मावशी शोध. ती बाटल्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ लिहील, कशात काय आहे ते कागदावर लिहून पाकीट चिकटवेल आणि पाकीट आपल्या ट्रंकेत ठेवेल. आधी ‘अ’ घ्यायची की ‘ब’, हे तिनं नाणं उडवून ठरवायचं.

वेळ किती लागेल हेही स्पष्ट सांगते, कारण तुझी खरी अडचण तिथं आहे. वर सांगितलेले प्रयोग ८ ते १२ आठवड्यांचे होते. चार दिवसांत किंवा आठवड्यात काही कळणार नाही. आधी चार आठवडे काहीच न घेता फक्त नोंदी. मग आठ आठवडे एक बाटली, मधे चार आठवडे काही नाही, मग आठ आठवडे दुसरी. झाले साडेपाच महिने. मैदानी चाचणी दोन महिन्यांवर असेल तर हा प्रयोग करूच नकोस आणि डबाही घेऊ नकोस. भरतीची जाहिरात यायची असेल, हातात वेळ असेल, तर कर. खोलीतले बाकीचे तयार असतील तर त्यांनीही करावा, पण प्रत्येकाचं नाणं वेगळं उडवायचं. असं का, तर सरावानं टाइम कमी होतच जाणार, म्हणून एकट्याच्या प्रयोगात नंतरची बाटली आपोआप जिंकते. सहा जणांत काहींना औषध आधी आणि काहींना नंतर आलं, तर ती चढण थोडीफार कापली जाते. तरी सहा जणांवरून जगाला सांगण्यासारखं काही निघणार नाही. तुझ्या १२०० रुपयांचा निर्णय करण्याइतकं निघेल.

मोजायचं काय? १६०० मीटर पूर्ण जोरानं आठवड्यातून एकदाच. तोच वार, तीच वेळ, तेच मैदान, तेच बूट. घड्याळ धरणाऱ्यानं तुला मधे आकडा सांगायचा नाही. पहिल्या चार आठवड्यांच्या नोंदी नुसत्या सुरुवात म्हणून बघू नकोस. तुझा टाइम काही न घेता एका आठवड्याहून दुसऱ्या आठवड्यात किती मागं-पुढं होतो, ते त्यातून कळेल. तो आपला आपण सात-आठ सेकंद हलत असेल, तर नऊ सेकंदांवर आनंद मानायचं कारण नाही. हे एकदा कळलं की डबेवाल्याच्या अर्ध्या गोष्टी आपोआप गळून पडतात.

डोक्यासाठी मला फूटपट्टीचा खेळ आवडतो, मी वर्गात दरवर्षी घ्यायची. तीस सेंटिमीटरची पट्टी मित्रानं वरच्या टोकाला धरायची, शून्य खाली. तू मनगट टेबलाच्या कडेवर टेकवायचं, अंगठा आणि तर्जनी शून्याशी पट्टीच्या दोन बाजूंना उघडी ठेवायची, पण पट्टीला टेकवायची नाहीत. मित्र न सांगता सोडतो, तू चिमटीत पकडायची. अंगठ्याच्या वरच्या कडेला जो आकडा येईल तो लिहायचा. २० सेंटिमीटरवर पकडली तर हाताला हुकूम पोचायला सुमारे ०.२० सेकंद लागले, १२ वर पकडली तर ०.१६. पट्टी पडते ती गुरुत्वाकर्षणानं, त्यामुळे गणित पक्कं आहे आणि खर्च शून्य. दहा वेळा सोडायची, पहिल्या तीन सोडून द्यायच्या, उरलेल्या सात चढत्या क्रमानं लावून मधली घ्यायची. पहिल्या आठवड्यात हात बसेपर्यंत आकडे झपाझप सुधारतील, ते धरू नकोस. बुद्धिमत्तेचे पेपरही तसेच : न सोडवलेले संच बहिणीकडं ठेव, दर आठवड्याला एक, घड्याळ लावून.

थकवा उतरण्याचं माप तुझ्या मनगटात आहे. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, मोबाइल हातात घेण्याआधी, पूर्ण साठ सेकंद नाडी मोज. धावून झाल्या झाल्या पंधरा सेकंद मोजून चारनं गुण, आणि बरोबर एका मिनिटानं पुन्हा. दोन्हींतला फरक लिही. नाडी जितकी लवकर खाली येते तितकं हृदय सावरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या किती दुखतात ते शून्य ते दहा. आणि झोप किती तास.

पण प्रयोग सुरू करायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर एक गोष्ट लिहून सही कर : ‘मी निकाल फक्त १६०० मीटरवर ठरवीन.’ दहा गोष्टी मोजल्या की त्यातली एखादी योगायोगानं सुधारलेली दिसणारच, आणि मन नेमकं तेवढंच धरून बसतं. तुझ्या भरतीत १६०० मीटरला २० गुण आहेत, ५ मिनिटं १० सेकंदांत पूर्ण केलं तर पूर्ण. मग माप तेच. पाकीट उघडायच्या आधी वहीत लिही की कोणत्या बाटलीत औषध होतं असं तुला वाटतं आणि कोणत्या बाटलीवर टाइम बरा आला. मग उघड.

हे सगळं करताना चहा, भाकरी, झोप, सराव दोन्ही बाटल्यांना सारखं. माझ्या दुधाची गोष्ट विसरू नकोस.

आता थोडं कडक बोलते. मित्राच्या डब्यातली कॅप्सूल आणि सरांनी दिलेला डबा यावर परवाना क्रमांक, बॅच, तारीख, आणि ‘मूळ’ असा स्पष्ट शब्द आहे का? नसेल तर तोंडात घालू नकोस. पानांत काही घटक मुळापेक्षा जास्त असतात, आणि आयुष मंत्रालयानंच २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका, मूळ वापरा असं कळवलं आहे. चार दिवसांत एकदम ताकद आली, भूक वाढली, चेहरा भरला, असं कुठल्या डब्यानं झालं तर ते अश्वगंधेचं काम नाही, त्यात दुसरं काही मिसळलेलं असण्याचा संशय घे. आणि शुद्ध औषधही सगळ्यांना मानवतंच असं नाही. अश्वगंधेच्या गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याची, कावीळ झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. अशा घटना क्वचित आहेत. डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती मुख्यतः संप्रेरकांवरच्या परिणामांच्या काळजीनं. पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना गेली, तर कॅप्सूल त्या क्षणी बंद करायची आणि सरकारी दवाखान्यात जाऊन काय घेत होतास ते न लपवता सांगायचं.

पैशांचं तू विचारलंस. घरी मागू नकोस, असं मी म्हणेन. आई-वडील कोयता हातात धरून मोळ्या बांधतात, त्या पैशाला मी जास्त किंमत देते. १२०० रुपयांत महिनाभर रोज अर्धा लीटर दूध येतं आणि वर शेंगदाण्यापुरते पैसे उरतात. तुझ्या पत्रात जेवणाबद्दल एक अक्षर नाही, त्यानं मला काळजी वाटली. मेसमध्ये दोन वेळा काय मिळतं? डाळ घट्ट असते की पाणी? आठवड्यातून अंडी किती? पुढच्या पत्रात आधी ते लिही. तुझ्याच जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणलं, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत. त्या पायांमागं लहानपणापासूनची शाळेची वाट आहे, वर्षानुवर्षांचा सराव आहे. तुझे ५.२९ माझ्या मते तुझेच आहेत. दुसरं सिद्ध होईपर्यंत ते तुझ्या नावावर धर.

प्रश्न : मी ४६ वर्षांची, परभणीला असते. थायरॉइड कमी असल्याची गोळी रोज सकाळी घेते. हल्ली नावं आठवत नाहीत, चालून आलं की गुडघे दुखतात. शेजारणीला अश्वगंधेनं फरक पडला. मी घेऊ का?

उत्तर : ताई, तुम्ही आपल्या मनानं घेऊ नका. अश्वगंधेनं थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं, आणि तुमची गोळीही तेच काम करते. दोन्ही मिळून मात्रा जास्त झाली तर छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होतं. नावं न आठवणं हे थायरॉइडची मात्रा कमी पडल्याचंही लक्षण असू शकतं, म्हणून आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. शेवटची तपासणी कधी केली ते तुम्ही लिहिलं नाहीत. हेच मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही लागू आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात तर नाहीच.

प्रश्न : नांदेडला मी शाळेच्या कबड्डी संघाला शिकवतो. दहा खेळाडूंना, वय १३ ते १५, महिनाभर अश्वगंधा चूर्ण दिलं. सगळ्यांना विचारलं, सगळे म्हणाले ताजंतवानं वाटतं. हा पुरावा पुरेसा नाही का?

उत्तर : नाही सर. मुलांना तुम्ही दिलंत आणि तुम्हीच समोर उभं राहून विचारलंत. संघात राहायचं असलेलं तेरा वर्षांचं पोरगं तुम्हाला दुसरं काय उत्तर देईल? पण माझी हरकत त्याहून मोठी आहे. वर सांगितलेले प्रयोग सगळे मोठ्या माणसांवर झालेले आहेत. वाढत्या वयाच्या मुलांना, आई-वडिलांना न सांगता, संप्रेरकांवर परिणाम करणारं औषध देऊ नका. आजच बंद करा आणि पालकांना बोलावून सांगा. मला विचाराल तर या वयाच्या पोरांना दूध द्या, केळी द्या, रात्री नऊला झोपायला लावा.

प्रश्न : आमच्या घनसावंगीकडच्या शेताच्या बांधावर ढोरगुंज भरपूर आहे. मूळ खणून, वाळवून घरीच चूर्ण केलं तर चालेल का? डब्याचे पैसे वाचतील.

उत्तर : आधी ती ढोरगुंजच आहे का ते बघा. फळ कागदासारख्या फुगलेल्या वेष्टणात असतं आणि पिकल्यावर लालभडक होतं. रानपोपटीलाही तसंच वेष्टण असतं, पण आतलं फळ लाल होत नाही. पानांवर आणि फांद्यांवर बारीक पांढुरकी लव असते, ती बोटांना जाणवते. ओळख पटली तरी बांधावरचं मूळ बहुतेक वेळा लाकडासारखं निघतं. औषधासाठी मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडं शेती होते तिथल्या मुळ्या मऊ, पिठूळ असतात, मोडल्या की आतून पांढऱ्या दिसतात. शिवाय तुमचा बांध कपाशीचा असेल तर फवारणी तिथं पोचलेली असते. झाड राहू द्या. फुलाफळासकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबून माझ्या पत्त्यावर पाठवा, मी बघून कळवते.